स्कॉटलंडला जाताय? आधी चौकड्यांचं कापड समजून घ्या

एडिनबराच्या रॉयल माइलवर किल्ल्याकडून खाली चालत निघालात की दोन्ही हातांना चौकड्यांच्या कापडाची दुकानं लागतात. मफलर, शाली, टाय, अगदी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टासुद्धा चौकड्यांचा. बऱ्याच ठिकाणी आडनावांचा तक्ता लावलेला असतो: कॅम्पबेल, मॅकडोनाल्ड, फ्रेझर, स्ट्युअर्ट. आपलं आडनाव शोधायचं आणि ‘आपल्या’ कुळाचं कापड घ्यायचं. कुलकर्णी, शिंदे, फर्नांडिस काही त्या तक्त्यावर नसतात. मग आपण जरा हिरमुसून कुठला तरी लाल-हिरवा मफलर उचलतो.

हिरमुसायचं काही कारण नाही. तीनशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावरून कुणी हे कापड कमरेला गुंडाळून चालला असता, तर खुद्द एडिनबराच्या लोकांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं असतं. हा डोंगरातला आडदांड माणूस, गुरं चोरायला तर नाही ना आला, असं. आज तेच कापड म्हणजे अख्खं स्कॉटलंड. ही उलथापालथ कशी झाली ते कळलं की तिथं दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा अर्थ लागतो.

मुळात स्कॉटलंड एकजिनसी नाही. उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ भाग म्हणजे हायलँड्स आणि त्याला लागून असलेली बेटं. दक्षिण आणि पूर्वेचा सखल भाग म्हणजे लोलँड्स. एडिनबरा आणि ग्लासगो इथलीच. डोंगरात गेलिक भाषा, गुरंढोरं आणि क्लॅनची, म्हणजे एकेका सरदाराच्या कुळाची, व्यवस्था. गेलिकमध्ये ‘क्लान’ म्हणजे लेकरं. पण क्लॅनमधले सगळे काही रक्ताचे नातलग नसत. सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्यासाठी लढणारी माणसंही त्याचंच आडनाव लावत. त्यामुळे कॅम्पबेल आडनावाचा माणूस त्या घराण्याचा वंशज असेलच असं नाही. सखल भागात मात्र बाजारपेठा, विद्यापीठं, कडक प्रोटेस्टंट चर्च आणि इंग्रजीची बहीण शोभेल अशी स्कॉट्स भाषा. आपल्याकडे देशावरचे आणि कोकणातले एकमेकांना टोमणे मारतात, तसं हेही नातं. फक्त कितीतरी पट जास्त कडवट.

आता तो वेश. सुरुवातीला शिवलेला किल्ट नव्हताच. लोकरीचं लांबच लांब कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्यानं बांधायचं, उरलेलं खांद्यावरून घ्यायचं आणि रात्री तेच अंगावर ओढून झोपायचं. धोतर आणि घोंगडी यांचं काम एकाच वस्त्रानं केलं असं समजा. आज दिसतो तो फक्त कमरेखालचा, मागे चुण्या शिवलेला आखूड किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. त्याचं श्रेय काही जण टॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड कारखानदाराला देतात. त्याच्याकडे काम करणाऱ्या हायलँडच्या मजुरांना लांब कापडाची अडचण होत होती म्हणे. हा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा स्कॉटिश माणसासमोर हे वाक्य जरा जपून बोला.

आणि ‘या कुळाचा हा टार्टन’, म्हणजे ही चौकड्यांची नक्षी, हा नियम? तोही त्या काळी नव्हता. रंग ठरायचे ते जवळपास मिळणाऱ्या वनस्पतींवर आणि विणकराच्या हातावर. कलोडनच्या लढाईचं डेव्हिड मोरिएनं काढलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात एकेका हायलँडरच्या अंगावर दोन-तीन वेगवेगळ्या चौकड्या दिसतात. गणवेश वगैरे काही नाही.

ही कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ची. इंग्लंड-स्कॉटलंडच्या गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगणारा चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट हायलँडर्सची फौज घेऊन उठला होता. इन्व्हर्नेसजवळच्या माळावर एका तासाच्या आत त्याचा पराभव झाला. ही लढाई ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ अशी सांगितली जाते, पण सरकारी फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या. त्यानंतर सरकारनं क्लॅनची ताकद मोडायचं ठरवलं. शस्त्रं काढून घेतली आणि पुरुषांना व मुलग्यांना हायलँडचा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. बंदीतून सूट होती ती ब्रिटिश सैन्यातल्या हायलँड पलटणींना. म्हणजे बंडखोरांचा वेश टिकला तो सरकारी लष्करात!

बंदी उठली १७८२ मध्ये. तोवर एक पिढी उलटून गेली होती आणि डोंगरातल्या माणसाची भीतीही सरली होती. ज्याची भीती उरत नाही त्याचं कौतुक करणं सोपं जातं. १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला. जवळपास दोन शतकांत स्कॉटलंडला भेट देणारा हा पहिलाच सत्तेवरचा राजा. स्वागताचा सगळा थाट आखला कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी. त्यांनी सखल भागातल्या सरदार-दरकदारांना, ज्यांच्या आजोबांनी हा वेश कधी अंगाला लावला नव्हता, किल्ट घालून यायला लावलं. खुद्द राजा आखूड किल्ट आणि त्याखाली कातडीच्या रंगाचे घट्ट पायमोजे घालून दरबारात आला. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. पण त्या दिवसांपासून हायलँडचा वेश साऱ्या स्कॉटलंडचा झाला.

मागणी वाढली तशी बॅनकबर्न गावच्या विल्सन विणकरांच्या मागांवर नवनव्या चौकड्या निघू लागल्या. आधी नुसत्या क्रमांकानं ओळखली जाणारी काही नक्षी पुढे कुळांच्या नावानं खपू लागली. १८४२ मध्ये तर दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देत कुळांच्या टार्टनांचा ग्रंथच छापला. आपण कलोडनला हरलेल्या त्या चार्ल्सचेच नातू आहोत, असंही ते सांगत. हस्तलिखित बनावट निघालं. त्यातले टार्टन मात्र आजही दुकानात आहेत. १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबानं बॅलमोरल विकत घेतलं आणि हायलँडची हवा ही सुखवस्तू लोकांची फॅशन झाली.

या कथेची दुसरी बाजू दुकानात सांगितली जात नाही. राजवाड्यांत किल्ट मिरवला जात होता त्याच दशकांत डोंगरातली खरी माणसं घरांतून हाकलली जात होती. मेंढ्यांत जास्त पैसा आहे हे जमीनदारांना, म्हणजे बऱ्याचदा क्लॅनच्या सरदारांनाच, कळलं होतं. खोरीच्या खोरी रिकामी झाली. लोक किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर किंवा थेट कॅनडाच्या जहाजांवर गेले. याला क्लिअरन्सेस म्हणतात. सदरलँडमधलं निर्मनुष्य खोरं बघून आपण म्हणतो, ‘काय अस्पर्श निसर्ग आहे!’ जरा खाली वाकून बघा. गवतात घरांच्या दगडी पायांचे चौकोन दिसतील. ते खोरं अस्पर्श नाही, रिकामं केलेलं आहे. पूर्व किनाऱ्यावर बॅडबे नावाचं असंच उजाड गाव आहे. वेळ असेल तर तिथं जरूर जा. माझ्या मते एखादा किल्ला कमी पाहिला तरी चालेल.

मग किल्ट खोटा म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव १८९०च्या दशकात आकाराला आला. त्यामागे राजकीय हेतू होता हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून विसर्जनाच्या दिवशी ढोलावर पडणारी टिपरी कुणाला खोटी वाटत नाही. परंपरा कधी सुरू झाली हा इतिहासाचा प्रश्न. लोक तिच्यात आज किती जीव ओततात हा वेगळा प्रश्न. स्कॉटिश लग्नात नवरदेवापासून करवल्यापर्यंत सगळे पुरुष किल्टमध्ये असतात, आणि कुणी पर्यटकांसाठी नटलेलं नसतं.

पाहुण्यानं किल्ट घालावा का, असं बरेच जण विचारतात. खुशाल घालावा. लग्नाचं आमंत्रण असेल तर यजमान खूशच होतात. चांगला किल्ट जवळपास सात मीटर लोकरीचा असतो आणि महाग असतो, म्हणून भाड्यानं घेणंच शहाणपणाचं. चुण्या मागे, सपाट बाजू पुढे. पुढची चामडी बटवी म्हणजे स्पोरन. मोज्यात खोचायचा छोटा सुरा म्हणजे स्किअन डू; विकत घेतलात तर विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका. कुळाची अट कायद्यानं कुठेच नाही. टार्टनांची सरकारी नोंदवही २००९ पासून आहे. तिच्यात कुळांबरोबर शहरं, पलटणी, संस्था, कंपन्या यांचेही टार्टन नोंदलेले आहेत. सिंह आडनावाचाही टार्टन आहे. उद्या कुलकर्ण्यांनी मनावर घेतलं तर त्यांचाही होईल. राहता राहिला किल्टच्या आत काय घालतात हा प्रश्न. तो विचारू नये. तुम्ही विचारणारे पहिले नसता.

आता बॅगपाइप. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून तेच ते चार सूर वाजवणारा वादक ऐकून तुमचं मत बनवू नका. आपल्याला हे वाद्य तसं अनोळखी नाही. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये भारतीय लष्कराचे वादक दरवर्षी ते वाजवतात. पण त्याचा खरा ऐवज वेगळा आहे. बॅगपाइपला जेमतेम नऊ सूर आणि खांद्यावर तीन नळ्या. त्या नळ्या सतत एकच आधारसूर धरून ठेवतात. हवा पिशवीतून येत असल्यामुळे सूर तुटत नाही, आवाज लहान-मोठा करता येत नाही. मग दोन सारखे सूर वेगळे कसे दाखवायचे? मधे विजेसारखे बारीक कण, म्हणजे निमिषभराचे सूर, टाकून. सगळी कलाकुसर त्या कणांत असते.

पीब्रॉख हा त्यातला अभिजात प्रकार. आधी ‘ऊर्लर’, म्हणजे जमीन: मूळ सुरावट, अतिशय संथ. मग तिच्यावर एकेक विस्तार, प्रत्येक आधीच्यापेक्षा गुंतागुंतीचा, बोटं अधिकाधिक वेगानं. कळसाला पोचल्यावर वादक पुन्हा शांतपणे त्या मूळ सुरावटीवर येतो आणि थांबतो. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला यात परकं असं फारसं काही नाही. शिकवण्याची रीतही ओळखीची. स्वरलिपीत लिहायच्या आधी हे संगीत बोलांतून शिकवलं जाई. ‘होद्रो’, ‘हिहारिन’ असे अर्थहीन पण नेमके बोल, प्रत्येक बोल म्हणजे ठरावीक सूर आणि ठरावीक कण. तबल्याचे बोल पाठ केलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. स्काय बेटावरचं मॅक्रिमन घराणं या विद्येसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होतं. घराणं हा शब्द मी मुद्दामच वापरतोय. ग्लासगोच्या नॅशनल पाइपिंग सेंटरमध्ये चौकशी करा. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर पाइप बँडची जागतिक स्पर्धाही होते. ती मोकळ्या मैदानातली जत्राच.

भाषेकडे वळू. ऐकू येणारी इंग्रजी कळली नाही तर बावरू नका. काही वेळा ती इंग्रजी नसतेच, स्कॉट्स असते. ‘वी’ म्हणजे छोटं, ‘आय’ म्हणजे हो, ‘बेर्न’ म्हणजे मूल, ‘ड्रीख’ म्हणजे दिवसभर मळभ, झिरझिर आणि गारठा. हा शेवटचा शब्द तुम्हाला रोज लागेल. गेलिक ही संपूर्ण वेगळी, आयरिशच्या कुळातली भाषा. २०२२ च्या जनगणनेत ती थोडीफार तरी येणारे सुमारे १ लाख ३० हजार लोक होते. ती ऐकायची असेल तर बाहेरच्या हेब्रिडीज बेटांवर जावं लागतं. पण वाचायला मात्र नकाशाभर सापडते. आपण वाडी, पेठ, खोरं, बुद्रुक यांवरून गाव ओळखतो, तसंच तिथं ‘बेन’ म्हणजे डोंगर, ‘ग्लेन’ म्हणजे खोरं, ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचं मुख, ‘डन’ म्हणजे गढी. इन्व्हर्नेस म्हणजे नेस नदीचं मुख. ‘लॉख’ म्हणजे तळं किंवा खाडी, आणि तिथं आपली सरशी: इंग्रज ‘लॉक’ म्हणून मोकळे होतात, आपल्याला उर्दू ‘ख़बर’मधला ख जमतो. उच्चारांचे सापळेही आहेत. आयले असं दिसणारं बेट ‘आयला’, आणि मिल्नगाव्ही असं लिहिलेलं ग्लासगोजवळचं गाव ‘मलगाय’.

एक चूक मात्र करू नका. तिथं उभं राहून ‘इंग्लंडला आलोय’ म्हणू नका. राजमुकुट १६०३ मध्ये एक झाला, संसद १७०७ मध्ये. पण कायदा, शाळा आणि चर्च स्कॉटलंडनं वेगळे राखले, आणि १९९९ पासून एडिनबराला पुन्हा स्वतःची संसद आहे. दक्षिणेतल्या सगळ्यांना सरसकट मद्रासी म्हणणाऱ्याकडे तमिळ-कन्नड माणसं जशी बघतात, तशी नजर तुमच्याकडे वळेल. व्हिसा मात्र वेगळा लागत नाही, ब्रिटनचाच चालतो. आणि स्कॉटिश बँकांच्या नोटा परतण्याआधी तिथंच खर्चून टाका. लंडनचे दुकानदार त्या उलटसुलट करून बघत बसतात.

खाण्यात हॅगिसचा बाऊ फार केला जातो. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस बारीक करून ओट, चरबी, कांदा, मिरी घालून शिजवायचं, सोबत सलगम आणि बटाट्याचा लगदा. वजडी खाणाऱ्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे? शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळतं, डाळी आणि ओटचं, आणि ते खरोखर चांगलं लागतं. २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवशी, हॅगिस बॅगपाइपच्या साथीनं मिरवत आणतात, त्याच्यावरची बर्न्सची कविता म्हणतात आणि मग सुरी चालवतात. खाद्यपदार्थाची पालखी निघते म्हणा ना. व्हिस्कीबद्दल एवढंच: स्कॉच म्हणवून घ्यायला ती स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते. आयलाच्या व्हिस्कीला येणारा धुरकट वास मॉल्ट वाळवताना जाळलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीचा असतो. गाडी चालवणार असाल तर एक घोटही घेऊ नका. तिथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे.

संध्याकाळी कुठं ‘केली’ असल्याचं कळलं तर जेवण सोडून जा. शब्दाचा मूळ अर्थ शेजाऱ्याकडे जाऊन बसणं. आज तो सामूहिक नाचाचा कार्यक्रम झालाय. पावलं येत नसली तरी अडत नाही. एक जण आधी सगळ्यांना चाल समजावून सांगतो आणि चुकलेल्याला कुणीतरी दंड धरून योग्य जागी ढकलतं. उन्हाळ्यातल्या हायलँड गेम्समध्ये लाकडी ओंडका फेकतात तेव्हा तो किती लांब पडला हे मोजू नका. ओंडका हवेत उलटून दुसऱ्या टोकावर पडला पाहिजे आणि फेकणाऱ्यापासून सरळ रेषेत, घड्याळाच्या बाराच्या दिशेला आडवा झाला पाहिजे. गुण त्या सरळपणाला असतात.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी स्कॉटलंड म्हणजे माहेर. २००३ च्या कायद्यानं तिथं जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवरून चालायचा हक्क दिलाय, जमीन कुणाच्याही मालकीची असो. अट जबाबदारीनं वागायची: पिकातून जायचं नाही, फाटक होतं तसं ठेवायचं, कचरा परत आणायचा. तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. असे २८२ आहेत आणि ते सगळे पुरे करायचं वेड तिथं आपल्या गडवेड्यांसारखंच आहे. सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर ठेंगणा. या आकड्यावर जाऊ नका. चढाई जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि माथ्यावर मे महिन्यातही बर्फ असू शकतं. मे ते सप्टेंबर मिजेस नावाची चिलटं ढगासारखी येतात. वारा असेल तेव्हा ती गायब होतात, म्हणून तिथला ट्रेकर वाऱ्याला शिव्या देत नाही. एका गाडीच्या रुंदीचे रस्ते असतात, त्यांवर दर थोड्या अंतरानं बाजूला रुंद जागा ठेवलेली असते. ती समोरच्याला वाट द्यायला आणि मागच्या घाईवाल्याला पुढे सोडायला. फोटोसाठी तिथं गाडी लावली की गावकरी खरोखर चिडतात.

एडिनबरामधल्या आर्थर सीटवर, २५१ मीटरच्या त्या विझलेल्या ज्वालामुखीवर, अर्ध्या-पाऊण तासात चढता येतं. महाबळेश्वरच्या आर्थर सीटशी त्याचं नावापुरतंच साम्य. खरं नातं महाबळेश्वरच्या दुसऱ्या नावात आहे. माल्कम पेठ ज्यांच्यावरून आली ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम इंग्लंडच्या सरहद्दीजवळच्या लँगहोमचे. तिथल्या टेकडीवर त्यांच्या स्मारकाचा उंच दगडी खांब उभा आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफही स्कॉटिशच, बॅन्फचे.

कधी जावं? ऑगस्टमध्ये एडिनबराचे कलामहोत्सव असतात, १९४७ पासून. धमाल असते, पण खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. डिसेंबरमध्ये पावणेचारलाच अंधार, तरी मला वाटतं वर्षाचा शेवट तिथं एकदा तरी पाहावा. धर्मसुधारणेनंतरच्या प्रोटेस्टंट चर्चला नाताळ पसंत नव्हता. इतका, की स्कॉटलंडमध्ये नाताळाची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये आली. सगळा उत्साह मग वर्षअखेरीला, म्हणजे हॉगमनेला, लागला आणि २ जानेवारीलाही सुट्टी असते ती त्यामुळेच. बाराच्या ठोक्याला बर्न्सचं ‘ऑल्ड लँग साइन’ हे गाणं सुरू होतं. तेव्हा लगेच हात आडवे करून शेजाऱ्यांच्या हातात गुंफू नका, ते शेवटच्या कडव्याला.

त्यानंतर उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं यावर घराचं वर्ष ठरतं. शुभ मानला जातो तो काळ्या केसांचा पुरुष. पूर्वी सोनेरी केसांचा अनोळखी माणूस दारात आला की तो बहुधा लुटायला आलेला व्हायकिंग असे, असं त्याचं कारण सांगतात. तेव्हा त्या रात्री कुणी शेजारी तुम्हाला थंडीत दहा मिनिटं बाहेर उभं राहायला सांगून मग दार उघडू लागले, तर चक्रावू नका. हातात कोळशाचा तुकडा असावा असा रिवाज आहे. कोळसा मिळाला नाही तर शॉर्टब्रेडचा पुडा चालतो.